देवळाच्या दारातला कागद

अमेरिकेत लेकीचे बाळंतपण करून परत आलेल्या आईला पुण्यात दोनच प्रश्न विचारतात. तिकडे थंडी किती होती, आणि सगळी कामे आपल्या हातांनी करावी लागतात हे खरे का? मी 2024 च्या नोव्हेंबरात टेक्सासहून परत आले तेव्हा मलाही हेच विचारले गेले. थंडी नव्हतीच. डॅलसच्या बाजूला सप्टेंबरात आपल्याकडच्या मे महिन्यासारखे ऊन असते. आणि कामे हातांनी करावी लागतात हे खरे असले, तरी पहिले पंधरा दिवस मला संध्याकाळचा स्वयंपाक करावा लागला नाही. तो चर्चमधून येत असे.

आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे सासर आंबेगाव तालुक्यात पेठजवळच्या एका वाडीत. बाहेर पत्ता सांगताना आम्ही पेठच सांगतो, कारण पुणे-नाशिक रस्त्यावरची पेठ लोकांना ठाऊक असते, वाडी कोणाला ठाऊक नसते. घरात माळकरी सासरे होऊन गेले. अशा घरातल्या नातीचे बारसे होईपर्यंत टेक्सासातली बाप्टिस्ट मंडळी आळीपाळीने डबे पोचवतात, यातली गंमत मला आजही वाटते. याला कारण आमच्या मुलीच्या शेजारीणबाई. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, आवाजाने जरा ठसठशीत. मुलगी दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी त्यांनी तिचे नाव आपल्या चर्चमधल्या एका यादीत घातले. यादीत आठ घरे होती. कोणी कोणत्या वारी काय न्यायचे ते त्यात लिहिलेले. पहिल्या दिवशी कोंबडी आली. ती आम्ही खात नाही असे मुलीने सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून बटाटा, मका, चीज, घेवडा असे काही ना काही भट्टीत भाजून येऊ लागले. मीठ कमी, तिखट नाही; पण ऊन असे आणि वेळेवर असे. काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तीवर घरमालकिणीचे नाव लिहिलेले असे. आपल्याकडे लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव कोरतात ना, तसे. ती पट्टी पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

पंधराव्या दिवशी शेजारीणबाई म्हणाल्या, “आता एकदा आमच्याकडे रविवारी या. धर्म बदलायला नको, नुसत्या बसा.” ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्या देवापुढे जाऊन हात जोडायला मला संकोच वाटला नाही. मी गेले.

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे क्वार्टर गेटच्या बाजूची दगडी, शांत देवळे होती. इथे एस. टी. च्या आगारासारखे पटांगण आणि त्यात शेकडो मोटारी. आत कॉफीचे ठेले, लहान मुलांचे पाळणाघर, मोठा पडदा, गिटारी. पण दहा मिनिटांत मी रुळले. कोणाच्या घरी आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा दारू सोडतो आहे, त्यांची नावे घेऊन सगळ्यांनी प्रार्थना केली. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. त्या शब्दाचे मर्म मला त्या दिवशी कळले. आमच्या वाडीच्या सप्ताहात कीर्तनकारबुवाही समोरच्या लोकांना मंडळीच म्हणतात.

दालनाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि हे चर्च ज्या ज्या ठिकाणी मिशनऱ्यांना पैसे पाठवते तिथे टाचण्या टोचलेल्या होत्या. एक टाचणी हिंदुस्थानात होती. शेजारीणबाईंनी ती मोठ्या प्रेमाने दाखवली. मी त्यांना म्हटले, “बाई, आमच्याकडे तुमचे लोक फार आधीच येऊन गेले.” आणि ते खरेच आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री 1813 साली मुंबईच्या बंदरात उतरले. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेचे युद्ध चालले होते. दोघांना परत जाण्याचा हुकूम झाला, पण गव्हर्नर नेपियन यांच्या मनात धर्माविषयी ओलावा होता, ते राहिले. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटात विल्बरफोर्स आणि त्यांच्या मित्रांनी जोर लावून कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांसाठी वाट करून घेतली. कंपनीला मिशनरी नको होते. व्यापार बिघडेल ही भीती. म्हणजे सुवार्ता सांगणाऱ्यांनी राजदरबारी वजन वापरणे ही गोष्ट आजची नाही. आपल्या किनाऱ्याला धर्मप्रसार लागला तोच राजकारणाच्या होडीतून.

आणि तरी मला त्या होडीला नावे ठेवता येत नाहीत. मी जन्मभर शाळामास्तरीण होते. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाईंची नगरमधली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि 1848 साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. त्या शाळेच्या वाटेनेच माझ्यासारख्या बायका हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आमच्या विद्येत टेक्सासातल्या, मॅसॅच्युसेट्सातल्या कुणा बाईने दर रविवारी पेटीत टाकलेला पैसा आहे. तो विसरून ख्रिस्ती लोकांवर टीका करणारे पाहिले की मला राग येतो.

पण याच मिशनमध्ये आणखी एक माणूस होऊन गेला, त्याची गोष्ट मी शेजारीणबाईंना सांगितली. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनचे काम केले, मराठी ख्रिस्ती मंडळीला तिची गाणी दिली. ख्रिस्ती झाल्याने ते देशाला परके झाले नाहीत. उलट ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा माणूस असे लोक समजतात हे त्यांना जन्मभर डाचत राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. शेवटी 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही होती. दोन वर्षांत ते वारले. दरबार पुढे वाढला नाही. शेजारीणबाई सगळे मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पगार सोडला? मोठा माणूस.” आणि मग, “बायको काय म्हणाली?” हा प्रश्न बाईमाणसालाच सुचतो. मी त्यांना लक्ष्मीबाईंविषयी सांगितले, ते सांगता सांगता आम्ही दाराशी आलो.

दाराशी मेजावर कागदांचा गठ्ठा होता. दोन रकाने, वर दोन उमेदवारांची नावे. गर्भपात, शाळा, सरहद्द, कुटुंब, प्रार्थनेचे स्वातंत्र्य, अशा बाबी डाव्या बाजूला, आणि कोणता उमेदवार कशाच्या बाजूचा ते पुढे. ‘अमुकाला मत द्या’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. पाळकांनीही प्रवचनात नाव घेतले नव्हते. पण वाचणारा लहान मूल असते तरी त्याला कळले असते की यातला एक रकाना देवाचा आहे आणि दुसरा नाही. लोक तो कागद घेत होते, घडी घालून बायबलात ठेवत होते. बायबलातच ठेवत होते, हे मी मुद्दाम सांगते.

घरी येऊन मी जावयाला विचारले, मग पुस्तकेही चाळली. मौज अशी की धर्म आणि सरकार यांच्यात भिंत हवी, ही मागणी अमेरिकेत हिरिरीने करणाऱ्यांत हेच बाप्टिस्ट पुढे होते! स्वातंत्र्याआधी व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून त्यांचे पाळक तुरुंगात गेले होते. सरकारी चर्चच्या हातचा मार त्यांनी खाल्ला होता. 1801 साली कनेक्टिकटातल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी अध्यक्ष जेफरसनना आपले गाऱ्हाणे लिहून पाठवले, आणि 1802 च्या पहिल्याच दिवशी जेफरसननी उत्तरात त्या भिंतीचा उल्लेख केला. तो पुढे जगभर गाजला. पुढे 1954 साली, टेक्सासच्याच लिंडन जॉन्सन यांनी सेनेटात असताना कायद्यात एक कलम घातले, की कराची माफी घेणाऱ्या संस्थांनी, चर्चसुद्धा, कोणा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. कागदावर नाव न घेण्याची ती काळजी त्या कलमामुळे होती. 2025 च्या जुलैत तिथल्या कर खात्याने एका खटल्यात सांगितले, की उपासनेच्या वेळी पाळक आपल्या मंडळीशी उमेदवारांविषयी बोलले तर ते या कलमात बसवू नये. भिंतीत खिडकी पडली म्हणायची.

जेरी फॉलवेल नावाचे व्हर्जिनियाचे पाळक 1965 साली म्हणत होते, की पाळकाने माणसे तारावीत, राजकारण करू नये. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सोबती काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोर्चे काढत होते, आणि फॉलवेलांचा रोख त्यांच्यावर होता. त्याच फॉलवेलांनी 1979 साली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि चर्चमध्येच मतदारांची नावे नोंदवायला लावली. मध्ये काय झाले? शाळांतली सरकारी प्रार्थना कोर्टाने बंद केली होती. 1973 साली गर्भपाताचा निकाल लागला. काही इतिहासकार आणखी एक कारण सांगतात: काळ्या मुलांना न घेणाऱ्या चर्चच्या शाळांची करमाफी सरकारने काढायला सुरुवात केली. या सगळ्याची मोट बांधली गेली. 1980 च्या ऑगस्टात डॅलसमध्येच पंधरा हजारांच्या आसपास पाळक आणि भाविक जमले आणि रेगनसाहेब त्यांना म्हणाले, की तुम्हाला मला पाठिंबा देता येत नाही, पण मी तुम्हाला देतो. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल! आणि हरले कोण? जिमी कार्टर, जे स्वतः बाप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, आणि पुढे नव्वदी ओलांडली तरी शिकवतच राहिलेले. धर्माच्या नावावर मत मागितले की धर्मात मुरलेला माणूस पडू शकतो, आणि हे फक्त अमेरिकेतच घडते असे नाही. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही खेपांना तिथल्या गोऱ्या सुवार्तावादी ख्रिस्त्यांपैकी पाचातल्या सुमारे चारांनी ट्रम्प यांना मत दिले.

बिली ग्रॅहॅम यांचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांनी ऐकले होते. 1956 च्या जानेवारीत ते मुंबईत सभा घ्यायला आले, तर शहरात संयुक्त महाराष्ट्रासाठी दंगल पेटलेली. मोठी सभा रद्द करावी लागली. आमचे राजकारण त्यांच्या धर्माला आडवे आले! पुढे ते निक्सन यांच्या फार जवळ गेले आणि वॉटरगेटमध्ये त्या मैत्रीचे चटके त्यांना बसले. त्यानंतर मात्र उमेदवारांपासून ते जरा जपून राहू लागले.

हे सारे वाचून झाल्यावर मी शेजारीणबाईंशी भांडले. भांडले म्हणजे, मागच्या अंगणात खुर्च्या टाकून, नातीला मांडीवर घेऊन. मी म्हटले, “देवळाच्या दारात असला कागद कशाला?” त्या काही भोळ्या नव्हत्या. म्हणाल्या, “जे मूल अजून जन्मलं नाही, त्याच्या बाजूनं कोण बोलणार? ते काही मत देत नाही.” आणि माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहत राहिल्या. मला लगेच उत्तर सुचले नाही. मग म्हणाल्या, “किंग पाळकच होते. आणि तुमच्या गांधींनी प्रार्थनासभेत राजकारण केलं नाही का?”

केले. पण मी त्यांना 1947 च्या एप्रिलची गोष्ट सांगितली. दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनेत कुराणातले वचन म्हटले जाई. सभेतल्या कोणी हरकत घेतली की गांधीजी त्या दिवशी प्रार्थनाच बंद ठेवत. एका माणसाचे मन मोडून हजारांची प्रार्थना त्यांना चालवायची नव्हती. त्या मोठे भाषण करतील असे मला वाटले होते. पण त्या एवढेच म्हणाल्या, “आमच्याकडं एक माणूस आहे,” आणि थांबल्या.

तो माणूस म्हणजे एक निवृत्त गणितमास्तर. बावीस वर्षे प्रौढांचा बायबल-वर्ग घेत होते. शेजारीणबाईंचे यजमान वारले तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसले होते तेही तेच. त्या वर्षी त्यांनी आपल्या अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी रोवली. त्यांना कोणी काढले नाही. कोणी वाईटही बोलले नाही. फक्त त्यांच्या वर्गाची वेळ बदलली, खोली बदलली, मग येणारी माणसे दुसऱ्या वर्गात जाऊ लागली. एके रविवारी ते रिकाम्या खोलीत अर्धा तास बसून घरी गेले आणि पुन्हा आले नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्यांच्यासाठी यादी निघाली नाही.

“कुणी मुद्दाम नाही काढली असं नाही,” शेजारीणबाई म्हणाल्या. “कुणाच्या ध्यानातच आलं नाही.”

आमच्यासाठी, कालपरवा आलेल्या, त्यांचा देव न मानणाऱ्या परक्या माणसांसाठी आठ घरे पंधरा दिवस राबली होती. मी त्यांना हे बोलून दाखवले नाही. त्यांना ते दिसत होते. त्या रात्री त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन मला वरणफळे करायला लावली, कारण मास्तरांना तिखट आवडते म्हणे. एका भांड्यात त्यांची मक्याची भाजी, दुसऱ्यात माझी वरणफळे. मोटार त्यांनी चालवली. मास्तरांच्या अंगणात पाटी तशीच होती. दार मास्तरांच्या बायकोने उघडले. दोघी बायका उंबऱ्यातच बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मी मोटारीतच बसून राहिले, तो प्रसंग माझा नव्हता. पाच नोव्हेंबरला शेजारीणबाईंनी मत कोणाला दिले ते मी विचारले नाही. बहुधा त्याच रकान्याला दिले असेल. चर्च त्यांनी सोडले नाही, आणि सोडावे असे मला वाटलेही नाही. सत्तराव्या वर्षी माणूस मंडळी कुठून आणणार?

मी परत आले ती थेट आपल्या निवडणुकीत. वीस नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. रस्तोरस्ती फलक. आपल्याकडे कायदा अमेरिकेहून कडक आहे. धर्माच्या नावावर मत मागणे हा 1951 च्या कायद्याने भ्रष्टाचार ठरतो, आणि मुंबईतल्या एका निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या जानेवारीत मतदाराच्या धर्मालाही ते लागू केले. तिकडे चर्चची करमाफी जाते, इकडे आमदारकी जाऊ शकते. देवळाची जागा राजकारणासाठी वापरू नये म्हणून 1988 सालचा वेगळा कायदाही आहे. तो किती जणांना माहीत आहे, हे कोणत्याही मांडवात जाऊन पाहावे.

मी पाहिले ते वाडीच्या सप्ताहात, माघात. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि या साऱ्यात वीणा खाली ठेवायची नाही. विणेकऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जाताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा त्या वेळी पाया पडतात. मी डोळ्यांनी पाहिले आहे. पंगतीला आमटी-भाकरी. भाकरी प्रत्येक घरातून यायच्या, मग ते घर कोणत्या पक्षाचे का असेना. त्या वर्षी मांडवाच्या तोंडाशी कमान होती. तिच्यावर मध्ये विठ्ठल, आणि दोन्ही बाजूंना विठ्ठलाहून मोठे चेहरे.

मी दिरांना विचारले. ते खजिनदार. म्हणाले, “वहिनी, मांडवाचं भाडं, बुवांचं मानधन, लाउडस्पीकर, हे कुठनं आणायचं? त्यांनी मांडव दिला. कमान लावू नका म्हणून कोण सांगणार?” यालाही लगेच उत्तर नव्हते. एकाच वर्षात दोनदा मला उत्तर सुचले नाही. मांडव पूर्वी ताडपत्रीचा असे आणि बुवा शेजारच्या गावाहून सायकलीने येत. मांडव कोणी मोठा केला, तर आपणच.

चौथ्या रात्री दोन ते चारची पाळी ज्या घराची होती, ते घर आले नाही. ते दुसऱ्या बाजूचे. भांडण नाही, निरोप नाही. आधीच्या पाळीचा म्हातारा विणेकरी चारपर्यंत तसाच उभा राहिला. सकाळी त्याचे पाय सुजले होते. त्याने कोणाचे नाव घेतले नाही. दिरांनी ते पाय पाहिले आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना गणितमास्तरांची गोष्ट सांगितली, तर ते चिडून म्हणाले, “अमेरिकेचं मला काय सांगताय?” पण रात्री उठून त्या घरी गेले. काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला त्या घरच्या बायका भाकरीची दुरडी घेऊन आल्या, पुरुष आले नाहीत.

यंदाची बैठक गणपतीनंतर झाली. तीन तास चालली आणि दोनदा मोडली. कमान नको म्हणणारे तेरा, हवी म्हणणारे अकरा, आणि बाकीचे पाहू म्हणणारे. ठरले ते असे: देणाऱ्याचे नाव पावतीवर लिहायचे, मांडवावर नाही. ज्यांनी गेल्या खेपेला मांडव दिला होता त्यांनी यंदा दिलगिरी कळवली. मांडव लहान आहे, लाउडस्पीकर एकच आहे, आणि मोठे बुवा परवडत नाहीत म्हणून ओतूरकडचे एक तरुण कीर्तनकार येत आहेत. पाळ्यांच्या यादीत ते घर पुन्हा दोन ते चारलाच लावले आहे. येतील की नाही ते माघात कळेल. आमच्या घराच्या वाट्याला पन्नास भाकरी आल्या आहेत. जाऊबाईंच्या मते मी त्या पुण्याहून थापून आणल्या तर वाटेत कडक होतील, तेव्हा आदल्या दिवशीच या म्हणतात.